लेकीच्या गावातला लॉज

भोरच्या एसटी स्टँडावर एकतीस वर्षं बसून ज्यानं अख्ख्या तालुक्याला गाडीत बसवून दिलं, तो माणूस स्वतः मात्र कोल्हापूरच्या पुढं कधी गेला नव्हता. नाव गोरख शिळीमकर. पण हे नाव पीएफच्या कागदावर आणि लेकीच्या लग्नपत्रिकेत. बाकी भोर-वेल्ह्यात सगळे त्याला कंट्रोलर म्हणत, आणि निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी म्हणतात. खिडकीशी येऊन कुणी विचारलं, "कंट्रोलर, वेल्ह्याची गाडी कधी?" की हा मान वर न करता सांगायचा, "आली की." आणि पुढच्याच दमात कुठली गाडी कुठं अडकलीय, कुणाचं टायर बसलंय, आज मुक्कामी गाडीवर ड्रायव्हर कोण आहे, हे सगळं पाठ म्हणून दाखवायचा. तोंड फटकळ, पण काम चोख.

त्याचा एक भ्रम होता. वेळापत्रक नीट आखलं की माणसाचं काही चुकत नाही, असं त्याला मनापासून वाटे. बायको आजारी पडली की तो औषधांच्या वेळांचा तक्ता भिंतीला चिकटवायचा. भाऊबंद पाण्यावरून भांडले की कुणाची मोटर कधी चालायची ते आखून द्यायचा. रडणाऱ्याला जवळ घेणं त्याला जन्मात जमलं नाही. लेक लहान असताना रडायला लागली की हा बायकोला विचारायचा, "किती वाजल्यापासनं रडतीय?"

लेक एकच, अश्विनी. नऊ वर्षांपूर्वी तिचं लग्न झालं. जावई कुमार इंजिनियर, स्वभावानं गरीब गाय. आधी सहा वर्षं दोघं हडपसरला होती, तीन वर्षांपूर्वी कंपनीनं कुमारला मलेशियात क्वालालंपूरला धाडलं. गेल्या दिवाळीत अश्विनी फोनवर म्हणाली, "आबा, आता रिटायर झालाय. आईला घेऊन या की. तिकिटं मी काढते, तुमी नुसतं विमानात बसा."

नुसतं बसा! एवढं वाक्य गोरखला झोंबायला पुरेसं होतं. ज्यानं तालुक्याच्या गाड्या सोडल्या, त्याला लेक विमानात बसवून देणार? "तिकिटाचं, राहण्याचं, समदं माझं म्या बघतो," त्यानं सांगून टाकलं. वर हेही ठरवून टाकलं, की एवढ्या लांब जायचं तर एकच गाव बघून परत यायचं नाही. ते म्हणजे स्वारगेटला जाऊन चहा पिऊन माघारी येण्यासारखं. सिंगापूर, मलाक्का आणि क्वालालंपूर. तीन गावं, सहा रात्री, एका विमानानं जायचं, दुसऱ्यानं यायचं, आणि मधला सगळा प्रवास बसनं.

बायको मंगल ऐकत होती. तिला सिंगापूर नको होतं आणि मलाक्का तर कुठं आहे हेही ठाऊक नव्हतं. तिला अश्विनीचं स्वयंपाकघर बघायचं होतं. ती एवढंच म्हणाली, "आदी लेकीकडं जाऊ. मग तुमाला कुठं भटकायचं तितं भटका."

"जितं जीव गुततो तो थांबा शेवटाला ठेवायचा," गोरख म्हणाला. "न्हाईतर पुढची गाडी चुकती." हे तो स्टँडावर पन्नास जणांना सांगत आला होता, आणि त्याला ते शहाणपणाचं वाटे.

स्टँडासमोर मन्सूरभाईचं दुकान आहे. झेरॉक्स, सातबारा, पॅन कार्ड, रेल्वेचं तिकीट, सगळं तिथंच. मन्सूर आणि गोरख एका वयाचे. मन्सूरनं पूर्वी भोर-कापूरहोळ वडाप जीप चालवली होती, म्हणजे एके काळी दोघं धंद्यातले वैरी. आता दोघं रोज सकाळी अकराला एका मोबाईलवर डोकी घालून बसू लागले. पाच आठवडे हा खेळ चालला. झेरॉक्सला आलेली माणसं आपलं काम विसरून उभी राहायची.

काय काय निघालं त्यातून! सिंगापूरहून मलाक्क्याला जाणाऱ्या बसला वाटेत सरहद्द लागते. तिथं सगळ्यांनी सामानासकट उतरायचं, शिक्का मारून घ्यायचा, पुन्हा बसायचं, पुन्हा उतरायचं, पुन्हा शिक्का. उशीर झाला तर बस थांबेलच असं नाही. हे वाचून गोरखचा चेहराच पडला. "आन् माणसं मोजतं कोण?" त्यानं विचारलं. मन्सूरनं शोधून शोधून सांगितलं, की त्या बसला कंडक्टरच नसतो. गोरखला हे पटेना. कंडक्टरशिवाय गाडी देश ओलांडते म्हणजे काय? दोन दिवस तो यावर धुमसत होता. शेवटी त्यानं दुपारची बस सोडून सकाळची धरली, कारण सकाळी सरहद्दीवर गर्दी कमी असते असं कुणीतरी लिहिलं होतं. तरी त्यानं वर दोन तास धरलेच.

लॉज निवडायची त्याची एकच कसोटी होती: स्टँडापासून किती पावलं. समुद्र दिसतो का, गादी कशी आहे, असल्या भानगडी त्याला नकोत. मलाक्क्यात लोक जुन्या गावात नदीकाठी उतरतात. यानं गावाबाहेरच्या बसस्टँडाला लागून असलेला लॉज ठरवला. मोबाईलच्या नकाशात रस्त्यांचे फोटो दिसतात, हे मन्सूरनं दाखवल्यापासून तर तो बोटानं मलाक्क्यात फिरायलाच लागला. कुठं उतरायचं, कुठला रस्ता ओलांडायचा, कोपऱ्यावर काय आहे.

"म्हंजे हितल्यागत तितंबी स्टँडावरच ऱ्हायचं," मंगल म्हणाली. "जल्म गेला आमचा हॉर्न ऐकण्यात."

सिंगापूरला दोन रात्री, मलाक्क्याला एक, आणि शेवटच्या तीन क्वालालंपूरला. सगळ्याचा एक तक्ता झाला. तारीख, सुटणार, पोचणार, मुक्काम. तक्ता छापून झाला तेव्हा मन्सूरनं तो एकदा वरपासून खालपर्यंत वाचला आणि त्याची बोटं शेवटच्या ओळीवर थांबली. तिथं एका लॉजचं नाव होतं.

"कंट्रोलर, क्वालालंपूरला तर तुमची मुलगी आहे ना?"

"हाय की. लॉजपासनं सातशे मीटरवर."

"लेकीचं घर असताना लॉज?" मन्सूर हसला. मग हा थट्टा करत नाही हे त्याच्या लक्षात आलं. "आमच्यात असं केलं तर मुलगी तोंड बघणार नाही."

"तुमच्यात निराळं," गोरख म्हणाला. "आमच्यात रीत हाय."

आता ती रीत. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या सासरचं पाणी प्यायचं नाही, अन्न खायचं नाही, रात्र काढायची नाही. मूल झालं की मग बाप नातवंडाला बघायला जातो, पोटभर जेवतो, हवं तेवढं राहतो. पूर्वी वेल्ह्याकडच्या घरांतून ही रीत बरेच जण पाळत. आता कोण पाळतंय! लग्नाच्या दुसऱ्या दिवशी बाप लेकीच्या सोफ्यावर पाय पसरून चहा मागतो. पण गोरखनं ती नऊ वर्षं पाळली होती. हडपसरला तो सकाळच्या गाडीनं जायचा, पाण्याची बाटली घरून न्यायचा, तासभर सोफ्याच्या कडेवर बसायचा आणि "ड्युटी हाय" म्हणून उठायचा. अश्विनी चहाचा कप घेऊन येईतो हा चपला घालत असायचा.

तो जुन्या वळणाचा होता, एवढंच त्याचं कारण नव्हतं. कारण होतं बना, त्याची थोरली बहीण. गुंजवणं हे त्यांचं गाव, तिथून ती वरव्याला दिली होती. तिच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा त्यांचा बाप सावळाराम नसरापूरच्या बाजारातून येताना तिच्या दारी थांबला, आणि भूक लागली म्हणून तिच्या हातची भाकरी खाऊन आला. पुढं बनाला मूल झालं नाही. सहा वर्षं सासरच्यांनी वाट बघितली, मग नवऱ्यानं दुसरी केली आणि बना गुंजवण्याला परत आली. गावानं काय म्हणावं? "सावळारामानं लेकीच्या दारचा घास खाल्ला." जोत्यावर बसून हे वाक्य बनानं चाळीस वर्षं ऐकलं. भावाच्या घरात शेण काढलं, भात लावला, आणि चार वर्षांपूर्वी गेली. सावळाराम तर त्या भाकरीच्या दुःखानंच खंगला असं गोरखची आई म्हणायची. भाकरीनं मूल अडत नाही, हे गोरखला कळत नव्हतं असं नाही. तो काही अडाणी नव्हता. पण कळणं निराळं आणि लेकीच्या बाबतीत धोका पत्करणं निराळं. आपण उपाशी राहिल्यानं काही बिघडत नाही, आणि खाल्ल्यानं बिघडलं तर? म्हणून तो बाटली घेऊन जायचा. हे त्यानं अश्विनीला कधी सांगितलं नाही. असल्या गोष्टी बापानं लेकीला सांगायच्या असतात का, असं त्याला वाटे.

क्वालालंपूरचा लॉज त्यानं सगळ्यांत जास्त मन लावून शोधला होता. मोबाईलच्या नकाशात अश्विनीची इमारत सापडली तेव्हापासून तो रोज एकदा तिच्या फाटकासमोर जाऊन उभा राहायचा, भोरमध्ये बसूनच. मग त्यानं आजूबाजूचे लॉज बघितले आणि असा एक निवडला, की ज्याच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीतून तिची इमारत दिसावी. लॉजवाल्याला मन्सूरकडून इंग्रजीत निरोपही धाडला होता, की खोली वरच्याच मजल्यावर आणि त्याच बाजूची द्या. सकाळचा नाश्ता खोलीच्या भाड्यात होता. दुपारसाठी आणि संध्याकाळसाठी मंगलनं दशम्या, चटणी, भाजलेले पोहे बांधायचे ठरले. पाण्याच्या बाटल्या तिथं विकत मिळतात. सगळं बसत होतं.

फक्त अश्विनीला त्यानं जो तक्ता पाठवला, त्यात शेवटच्या तीन रात्रींपुढं लॉजचं नाव घातलं नाही. नुसतं 'क्वालालंपूर' लिहिलं. लपवायचं म्हणून नाही, पण आत्ताच कशाला, तिथं गेल्यावर सांगू, असा तो विचार. स्टँडावर मात्र गाडी रद्द झाली की आधी सांगावं, प्रवाशाला ताटकळत ठेवू नये, असं हाच सगळ्या ज्युनिअरांना शिकवायचा!

अश्विनी काय समजायचं ते समजली. तिनं खोली रिकामी केली, नवा पलंग आणला, त्याचे फोटो मंगलला पाठवले. पडदा कुठल्या रंगाचा घेऊ म्हणून विचारलं. मंगल ते फोटो बघायची, "निळा घे" म्हणायची आणि मोबाईल पालथा ठेवायची. तिला लॉजचं ठाऊक होतं. दोनदा ती नवऱ्याशी भांडली होती, तिसऱ्यांदा भांडायचा तिला कंटाळा आला होता.

निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी अश्विनीचा व्हिडिओ कॉल आला. मलेशियात शिरण्याआधी एक फॉर्म भरावा लागतो, तो ती भरत होती.

"आबा, मुक्कामाचा पत्ता मागत्यात. माझाच टाकते."

"नगं. लॉजचा टाक. तुला धाडतो आत्ता."

"मलाक्क्याचा व्हय? तितं एकच रात्र हाय की तुमची."

"क्वालालंपूरचा," गोरख म्हणाला, आणि त्याला राहवलं नाही, केलेल्या कामाचा अभिमान आवाजात आलाच. "तुझ्या बिल्डिंगीपासनं सातशे मीटर. माझ्या चालीनं आठ मिन्टं, तुझी आई असली तर बारा. खिडकीतनं तुझी बिल्डिंग दिसती."

पलीकडं अश्विनीचा हात हवेतच राहिला.

"माझ्या गावात तुमी लॉजवर ऱ्हाणार?"

"तसं न्हाई बाळा. दिवसभर तुझ्याकडंच. झोपायला फकस्त."

"आन् जेवायला?"

गोरखनं खाकरून घेतलं. "नाश्ता लॉजमदी हाय. पुढचं तुझी आई बांधून घेणार हाय."

"नऊ वर्षं झाली, आबा," अश्विनी म्हणाली. "हडपसरला तुमी बाटली घिऊन यायचा. कुमारला म्या सांगितलंय, आबांचं पोट नाजूक हाय. अजून त्याला तसंच वाटतंय. हितं एवढ्या लांब आल्यावर तरी सोडाल वाटलं हुतं."

"रीत हाय ती. एकदा नातवंड हुं दे, मग बघ. पंधरा दिस हलणार न्हाई म्या. हाकलून देशील."

"व्हणार न्हाई, आबा."

गोरखला वाटलं, पंधरा दिवस राहणं होणार नाही असं ती म्हणतेय. तो काही बोलणार, तेवढ्यात ती पुढं म्हणाली, "चारदा इलाज केला आमी. दोन वर्सं झाली, समदं बंद केलं. डॉक्टर म्हणाले, आता शरीराला सोडा. व्हणार न्हाई. आईला ठाऊक हाय."

गोरखनं मंगलकडं पाहिलं. ती चुलीपुढच्या माणसासारखी खाली बघत बसली होती.

"मग तुमी कदी येणार माझ्या घरी?" अश्विनीनं विचारलं. "रीतीपरमानं कदीच न्हाई, व्हय ना?"

एकतीस वर्षं खिडकीशी आलेल्या प्रत्येकाला उत्तर देणारा माणूस चष्मा काढून पुसायला लागला. मग अश्विनी ऑफिसातल्यासारख्या आवाजात म्हणाली, "लॉजचा पत्ता पाठवा, आबा. फॉर्म भरून टाकते." आणि फोन बंद केला.

"तुला ठाऊक हुतं?" गोरख बायकोवर उसळला. "दोन वर्सं तुला ठाऊक हुतं आन् मला कुणी सांगितलं न्हाई?"

"सांगितलं आस्तं तर काय केलं आस्तं तुमी?" मंगलचा बांध फुटला. "तक्ता? उपास तुमी धरला, आन् जळली ती. तुमी बाटली घिऊन गेला की दोन दिस ती जेवायची न्हाई. मला फोन करून म्हणायची, आई, आबांना माजी किळस येती का गं? म्या काय सांगायचं? बनाआत्याचं सांगायचं? तुज्या आत्यासारकं तुजं हुईल म्हणून बाप भितोय, आसं सांगायचं पोरीला?"

गोरख उठून ओट्यावर जाऊन बसला. दोन वर्षांपूर्वी रद्द झालेल्या गाडीची वाट बघत थांब्यावर उभ्या असलेल्या येड्यासारखं त्याला वाटलं. एवढ्या दिवसांत कितीदा तो म्हसोबाला नारळ बोलला होता! कुणाच्या पोराच्या बारशाला गेला की मनात अश्विनीचं बारसं मांडून यायचा. आणि तिकडं ती चारदा दवाखान्यात पडली, उठली, आणि बापाला सांगायची सोय नाही म्हणून गप्प बसली. त्याला स्वतःचा असा राग आला, की समोर असता तर त्यानं स्वतःच्या मुस्काटात मारली असती. लेकीला वाचवायला निघालो आणि तिलाच दारात उभं केलं.

पण स्वभावाला औषध नाही. अर्ध्या तासानं तो आत आला, चष्मा लावला आणि तक्ता घेऊन बसला. चूक झाली का, झाली. गाडी बंद पडली तर दुसरी सोडायची. दुसऱ्या दिवशी सकाळी मन्सूरनं दुकान उघडायच्या आधी हा पायरीवर हजर.

"क्वालालंपूरचा लॉज रद्द कर."

"पैसे मिळणार नाहीत परत."

"मरू दे पैसं."

मन्सूरनं काही न विचारता लॉज रद्द केला. मग म्हणाला, "चांगलं केलं, कंट्रोलर." नवा तक्ता छापला. शेवटच्या तीन रात्रींपुढं लिहिलं: मुक्काम, अश्विनीचं घर. जेवण, तिथंच. 'जेवण, तिथंच' हे गोरखनं मुद्दाम घालायला लावलं. लेकीची तोंडानं माफी मागणं त्याला जमलं नसतं, पण तक्त्यात तो मागू शकत होता. त्यानं कागदाचा फोटो अश्विनीला पाठवला. तासाभरानं तिचं उत्तर आलं: 'बरं.' गोरखला हायसं वाटलं. वेळेत सुधारलं, असं तो मंगलला म्हणाला. मंगल दशम्यांचं पीठ मळत होती. तिनं ते निम्मं केलं.

मग प्रवास झाला. कापूरहोळ फाट्यावरून मुंबईची बस, मुंबईहून विमान, सिंगापूर. एका ठिकाणीही मिनिटाचा फरक पडला नाही. सिंगापुरात बस थांब्यावर पुढची गाडी किती मिनिटांत येणार ते पाटीवर दिसतं आणि तेवढ्याच मिनिटांत गाडी येते. एरवी गोरख ते बघून नाचला असता, दिवसभर थांब्यावरच बसून राहिला असता. त्यानं एकदा बघितलं आणि मान वळवली. सरहद्दीवर बसची माणसं त्यानं स्वतःच मोजली, एकतीस होती. मलाक्क्याचा लॉज स्टँडाला अगदी लागून, नकाशात दिसला तसाच. मंगल खिडकीत बसून लाल बस बघत राहिली. दोघांचं बोलणं सामानापुरतं. गोरख मनात एकच गोष्ट घोळवत होता: अश्विनीच्या घरी पाट मांडलाय, आपण जेवतोय, पोटभर जेवतोय, आणि नऊ वर्षांचा पोरीचा राग निवळतोय.

क्वालालंपूरच्या स्टँडावर कुमार गाडी घेऊन आला होता. वाकून पाया पडला. घर चौदाव्या मजल्यावर. दारात अश्विनीनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, आईला मिठी मारली, आबांच्या पाया पडली. ती वाळली होती. कानाजवळचे केस पांढरे झाले होते, ते व्हिडिओवर कधी दिसले नव्हते. तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला. गोरखनं तो घेतला आणि उभ्या उभ्या घटाघटा निम्मा केला, सगळ्यांना दिसेल असा. कुमार हसला आणि म्हणाला, "आबा, पोट बरं दिसतंय आता." अश्विनी तांब्या घेऊन आत गेली.

संध्याकाळी पानं वाढली. घेवड्याची आमटी, तांदळाची भाकरी, भरलं वांगं, आणि मंगलनं गुंजवण्याहून आणलेल्या आंबेमोहराचा भात. गोरखला टेबलापाशी मधल्या खुर्चीवर बसवलं. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि तोंडात घातला. नऊ वर्षांतला पहिला घास. "लई झ्याक झालीय," तो म्हणाला, आणि खरंच झाली होती.

अश्विनी पळी हातात घेऊन उभी होती.

"आबा, लॉज कदी रद्द केला?"

"दुसऱ्याच दिशी. सकाळी सव्वानऊला." त्याला वाटलं, ती शाबासकी देतेय.

"म्हंजे म्या सांगितल्यावर."

"व्हय."

तिनं मान हलवली. आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणी आणलं नाही. "तुमी माझं पाणी पीत नव्हता तवा मला लई राग यायचा, आबा. रडायचे म्या. पण मनात एक हुतं. डॉक्टरनं सोडलं, कुमारनं सोडलं, आईनं सोडलं, म्याबी सोडलं. तुमी तेवढं धरून हुता. वाटायचं, एक माणूस अजून वाट बघतोय, म्हंजे अजून कायतरी असंल. आता तुमीबी जेवायला बसला."

कुमार पाणी आणायला म्हणून उठला आणि स्वयंपाकघरातून परत आलाच नाही. मंगल ताटाकडं बघत होती. गोरखच्या तोंडात घास तसाच होता. बनाचं सांगावं, भ्यालो होतो म्हणून सांगावं, तुला बरं वाटावं म्हणूनच जेवतोय म्हणून सांगावं, सगळं त्याच्या मनात आलं. यातलं सगळंच खरं होतं, आणि आता यातलं काहीच सांगून उपयोग नव्हता. हात धुऊन उठलं तर तिच्या अन्नाचा अपमान, आणि बसून खाल्लं तर प्रत्येक घासाला तेच, तुला मूल होणार नाही हे मी मान्य केलं. त्यानं घास गिळला.

"भात वाढू?" अश्विनीनं विचारलं.

"वाढ," गोरख म्हणाला.

तिनं वाढला. त्यानं तो सगळा खाल्ला, शेवटच्या शितापर्यंत, कारण लेकीच्या घरी ताटात टाकून उठणं याहून वाईट झालं असतं.